टुकला जमीन तपासायला गेले त्याची लांबलचक हकीकत

टुक्टोयाक्टुक असं गावाचं पूर्ण नाव, पण गावातले काय आणि विमानात शेजारी बसलेला काय, सगळे टुकच म्हणतात. कॅनडाच्या पार वर, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये बोफर्ट समुद्राच्या काठावर, नऊशेच्या आसपास वस्ती आणि त्यातले बहुतेक सगळे इनुवियालुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी इनुइटांपैकी पश्चिमेकडचे. मी सिव्हिलवाली, त्यातही जिओटेक, जमिनीत भोकं पाडून खाली काय दडलंय ते बघणारी जमात. आधी काही वर्षं कोकणातल्या घाटांत दरडींची कामं केली, मग इकडे मास्टर्स, मग एका छोट्या कन्सल्टन्सीत नोकरी, आणि तिथे हे काम माझ्या टेबलावर आलं. ऐकायला साधं होतं: गावाचा समुद्राकडचा भाग तुटत चाललाय, काही घरं आधीच आत हलवलीत, पुढेमागे आणखी हलवावी लागणार, तर कुठे हलवायची ती जागा तपासून द्या. पण प्रत्यक्षात भोकं पाडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ परवानग्या, पैसे आणि मुहूर्त जमवण्यात गेला. क्लायमेट चेंजशी जुळवून घेणं वगैरे आपण वाचतो तेव्हा भिंती बांधतायत, घरं उचलतायत असं डोळ्यासमोर येतं, मला तिथे जास्त करून एक्सेल शीट दिसली.

आधी समुद्राचं सांगते. आपल्याकडे किनारा म्हणजे खडक नाहीतर वाळू. इथला किनारा म्हणजे बर्फाने धरून ठेवलेला चिखल. लाट नुसती आदळत नाही, आतला बर्फ वितळवून खालून पोकळ करते, मग वरचा गवताचा थर गोधडीसारखा कड्यावरून खाली लोंबायला लागतो आणि एक दिवस सगळंच खाली येतं. पूर्वी शरद ऋतूतली वादळं यायची तोपर्यंत समुद्र गोठायला लागलेला असायचा, बर्फाचं झाकण असलं की लाट उठत नाही. आता पाणी उशिरापर्यंत मोकळं राहतं आणि वादळ आलं की त्याला पळायला मोकळं मैदान मिळतं. म्हातारी माणसं १९७० च्या सप्टेंबरातल्या वादळाचं अजून सांगतात, पाणी कुठवर आलं होतं ते बोट करून दाखवतात. जुनी शाळा सोडावी लागली, कर्लिंगचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं मैदान समुद्राने घेतलं. १९७० च्या दशकापासून बचावाचे प्रयोग चालूच आहेत, आधी वाळू भरलेल्या लांबच लांब नळ्या, मग वाळूची पोती, मग काँक्रीटच्या लाद्या. बंदराच्या तोंडाशी टुक आयलंड नावाचं एक चिंचोळं बेट आहे, लाटा ते अंगावर झेलतं म्हणून बंदर शांत असतं, पण तेही वर्षाला साधारण २ मीटरने झिजतंय. ते मधून फुटलं की पुढचं काय, हा प्रश्न गावात लहान पोरांनाही माहितीये.

आता पैसे. केंद्राचं आर्थिक वर्ष इकडेही १ एप्रिल ते ३१ मार्च, अगदी आपल्यासारखंच, त्यामुळे मार्च एंडिंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण जमिनीचं वर्ष वेगळं असतं आणि हे दिल्लीला किंवा ओटावाला बसून कळत नाही. बघा, टुंड्रावर ड्रिलिंगचं मशीन न्यायचं तर वरची जमीन दगडासारखी गोठलेली पाहिजे, म्हणजे उन्हाळा बाद, कारण उन्हाळ्यात सगळी दलदल आणि मशीन गेलं की त्या चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात, त्यात पाणी साठतं आणि खालचा बर्फ आणखी वितळतो. डिसेंबर-जानेवारीत अंधार, थंडी इतकी की मशीनचं हायड्रॉलिक तेल घट्ट होतं. राहिले मार्च आणि एप्रिल. मे महिन्यात बर्फ सुटायला लागतो, माणसं बदकं-हंसांच्या शिकारीला जातात. जुलैत बेलुगा व्हेलची शिकार, अर्धं गाव कॅम्पवर, मीटिंगला कुत्रंही येत नाही. ऑगस्टच्या शेवटी जमीन सगळ्यात खोलवर वितळलेली असते तेव्हा मोजमापं घ्यायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ धरत असतो, धड होडी चालत नाही धड स्किडू, म्हणजे बर्फावरची स्कूटर.

त्यात अजून एक पाचर. इनुविक, म्हणजे दक्षिणेकडचं जवळचं मोठं गाव, ते टुक हा पक्का रस्ता, पक्का म्हणजे खडीचा, १५ नोव्हेंबर २०१७ ला उघडला, १३८ किलोमीटरच्या आसपास. त्याआधी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून गाड्या जायच्या. रस्ता झाल्यामुळे मशीन ट्रकवर टाकून आणता येतं, पण इनुविकला पोचायलाच डेम्पस्टर हायवेने यावं लागतं आणि त्या हायवेवर पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूलच नाहीत. हिवाळ्यात बर्फावरून पार, उन्हाळ्यात फेरीबोट, आणि मधल्या काळात, बर्फ फुटतो तेव्हा, काहीच नाही. म्हणजे मशीन एप्रिलच्या शेवटी परत नदीपार गेलं नाही तर ते जूनपर्यंत तिथेच अडकतं आणि त्याचं भाडं मीटरसारखं चालू.

आता हे दोन्ही कॅलेंडर एकावर एक ठेवा. गावाने अर्ज केला शरद ऋतूत, आम्ही लिहून दिला. ज्या खात्याकडे पैसे मागितले त्यांचं मंजुरीचं पत्र आलं पुढच्या उन्हाळ्यात, करारावर सह्या होईपर्यंत पानगळ, आणि अट अशी की या वर्षाचा पैसा ३१ मार्चच्या आत खर्च झालेला दाखवा नाहीतर परत. आणि आमचं ड्रिलिंग सुरूच होणार मार्चच्या अखेरीला. शिल्लक पुढच्या वर्षात न्यायला वेगळा अर्ज, त्याची वेगळी कारणमीमांसा, त्याला वेगळी वाट बघणं. कुणी बेइमान नव्हतं हो, पलीकडच्या बाईंनी मला फोनवर फार समजुतीने सांगितलं की फॉर्ममध्ये ऋतूसाठी रकानाच नाही.

गावाच्या बाजूने हे सगळं सांभाळणारा माणूस एकच. हॅम्लेटचा, म्हणजे तिथल्या छोट्या गावच्या पालिकेचा मुख्य अधिकारी, त्याला तिकडे एसएओ म्हणतात, आपल्या ग्रामसेवकासारखंच पद पण जबाबदारी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याची. पाण्याचा टँकर बंद पडला तरी त्याला फोन, मोकाट कुत्र्यांची तक्रार त्याच्याकडे, बर्फ काढायचं बजेट त्याच्याकडे आणि वरून तापमानवाढीच्या धोक्यांवरचा सत्तर प्रश्नांचा फॉर्मही तोच भरणार. बरं प्रत्येक प्रोग्रॅमचा फॉर्म वेगळा, रिपोर्टचा नमुना वेगळा. मला वाटतं उत्तरेकडच्या गावांना पैशाइतकीच गरज आहे ती कागद सांभाळणाऱ्या अजून एका पूर्ण पगारी माणसाची, पण असलं काही मागितलं की तो 'प्रशासकीय खर्च' होतो आणि त्यावर मर्यादा असते.

परवानग्यांचं मात्र माझं मत वेगळं आहे. आधी मीही कुरकुर केली. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये कुठलंही संशोधन करायचं तर कायद्याने लायसन्स लागतं, ते अरोरा रिसर्च इन्स्टिट्यूटकडून. मग जमीन कुणाची ते बघायचं. इनुवियालुइट लोकांनी १९८४ मध्ये केंद्र सरकारशी करार केला, त्यातून सुमारे ९१ हजार चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या मालकीची झाली, म्हणून त्या जमिनीवर पाय ठेवायचा तर त्यांच्या लँड अॅडमिनिस्ट्रेशनचं परमिट, पर्यावरणाच्या तपासणी समितीकडे प्रकल्पाचं वर्णन, आणि गावच्या हंटर्स अँड ट्रॅपर्स कमिटीचं मत. मी मनात म्हणलं झालं, आता पुढचा मार्च पण गेला. पण या हंटर्स कमिटीने जे प्रश्न विचारले ते आमच्या ऑफिसात कुणाच्या डोक्यात आले नव्हते. मशीनचं डिझेल कुठे ठेवणार, भोकातून निघालेली माती कुठे टाकणार, भोक बुजवणार कशाने, तुमची बर्फावरची वाट आमच्या ट्रेलला छेदून जाते तिथे रात्री खुणेचे झेंडे लावणार का, कारण वादळात स्किडूवाला त्या चाकोरीला ट्रेल समजून भलतीकडे जाईल. हा शेवटचा मुद्दा तर जिवाशी खेळ होता. आणि बरोबर एक वाइल्डलाइफ मॉनिटर घ्यायचा, म्हणजे गावातलाच बंदूकवाला शिकारी, अस्वलावर लक्ष ठेवायला. आमचा मॉनिटर साठीतला गृहस्थ, थर्मासमधून काळा चहा पीत बसायचा, आणि अस्वल एकदाही आलं नाही पण त्याने जमिनीबद्दल जे सांगितलं ते माझ्या नोटबुकात अस्वलापेक्षा जास्त जागा घेऊन आहे.

गावसभेचं सांगायलाच पाहिजे. कम्युनिटी हॉल, कॅरिबूचं, म्हणजे तिकडच्या रेनडिअरचं सूप, गरम डोनट आणि शेवटी सोडत, बक्षीस म्हणजे पेट्रोलची कुपनं. सोडत नसेल तर सभा होत नाही, हे तिथलं पहिलं ज्ञान. आम्ही भिंतीवर नकाशा लावला, दोन-तीन जागा रंगवलेल्या. त्यातली एक आमच्या लाडाची, गावाजवळ, सपाट, कागदावर इतकी सुंदर की प्लॉट पाडून झाल्यासारखेच दिसत होते. एक आजोबा उठले, नकाशापाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पोरी, हे तळं आहे." मी म्हणलं, नाही हो, तळं इकडे बाजूला आहे. तर म्हणाले, "आता नाही, माझ्या लहानपणी होतं, एका उन्हाळ्यात रिकामं झालं." मागून एक बाई म्हणाल्या, छे, ते तळं ते नव्हेच, त्याच्या पलीकडचं. मग अर्धा तास त्या दोघांचं आणि आणखी चार जणांचं इनुवियालुक्टुन आणि इंग्रजी मिसळून जे चाललं त्यात आम्ही कुठेच नव्हतो. सगळ्या वडीलधाऱ्यांचं एकमत असतं आणि ते एका सुरात निसर्गाचं ज्ञान सांगतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ही सभा बघायला हवी होती, आमच्या गावच्या भावकीच्या बांधाच्या भांडणापेक्षा एक टक्का कमी नव्हती.

जुने हवाई फोटो मागवले. कॅनडात उत्तरेचे जुने विमानातून काढलेले फोटो सरकारी संग्रहात मिळतात. आजोबा बरोबर होते, तळं होतं. बाईंचं पण अर्धं बरोबर, तळी दोन होती.

रिकामं झालेलं तळं म्हणजे काय भानगड ते थोडं सांगते, कारण ही त्या भागाची खासियत आहे. पर्माफ्रॉस्ट म्हणजे बारा महिने गोठलेली जमीन, पण तळ्याखाली मात्र पाण्याच्या उबेमुळे माती न गोठलेली राहते. तळं निचरून गेलं की ती ओली माती वरून, खालून, बाजूने गोठायला लागते, आतलं पाणी कोंडीत सापडतं, त्याला जागा हवी, मग ते वरची जमीन उचलतं. असं शेकडो वर्षं चाललं की टेकडी तयार होते, पोटात निव्वळ बर्फ, तिला पिंगो म्हणतात. टुकच्या आसपास असे हजारावर पिंगो आहेत, त्यातला इबयुक ४९ मीटर उंच. बघायला लोक लांबून येतात आणि बघावेतच, पण आपल्या स्वयंपाकघराखाली पिंगोचं बाळ नको. प्रत्येक निचरलेल्या तळ्यात पिंगो होतोच असं नाही, पण जमीन अजून हलतेय, घर बांधायला ती विश्वासाची नाही, एवढं नक्की.

मला त्या दिवशी माळीण आठवलं. २०१४ मध्ये दरडीखाली गाव गेलं, नवीन गाव आमडेला वसवलं, आणि २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथे रस्ते खचल्याच्या, जमिनीला भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. जुनी जागा धोक्याची हे सगळ्यांना दिसतं, नवीन जागेचा धोका कुणी दाखवून देईपर्यंत दिसत नाही. हे मी पुढच्या एका बैठकीत सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "त्या लोकांना विचारलं होतं का कुठे जायचं ते?" मग मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

तर ड्रिलिंग. एप्रिलमध्ये तिकडे ऊन असतं, लख्ख, डोळे दिपवणारं, आणि त्याच वेळी वारा असा की पापण्यांवर बर्फ. गावात बेलुगा जंबोरी, म्हणजे वसंताची जत्राच, स्किडूच्या शर्यती, चहा उकळायच्या स्पर्धा, ढोल. मशीनचा हेल्पर तिकडे पळायला बघायचा आणि ड्रिलर त्याला धरून ठेवायचा. पोकळ नळीने कोअर काढतात, मातीचा गोठलेला दंडगोल बाहेर येतो, तो प्लॅस्टिकच्या बाहीत सरकवायचा, वरची बाजू कुठली ते लिहायचं, पेन चालत नाही, शाई गोठते, साधी शिसपेन्सिल घ्यायची. मग जवळून बघायचं, बर्फ दिसतो का, दिसला तर केसासारख्या रेघा आहेत, बोटाएवढे थर आहेत की नुसताच स्वच्छ बर्फ आणि त्यात तरंगणारे मातीचे गोळे. कोअर हातात धरला की जड वाटला तर बरं वाटतं, हलका लागला की समजायचं यात माती कमी.

सभेतल्या बऱ्याच जणांची पसंती होती ती एका उंचवट्याला. कोरडा, वाऱ्यावर असल्याने डास कमी, वादळाचं पाणी येणार नाही, समुद्रही दिसतो. मलाही आवडला होता. वर थोडी माती, थोडी खडी, आणि मग बर्फ. मग अजून बर्फ. ड्रिलर माझ्याकडे बघतोय, मी मॉनिटरकडे बघतेय, मॉनिटर चहा पितोय. आमच्याकडच्या नळ्या संपल्या तेव्हाही खाली बर्फच होता. टुकच्या भागात टेकाडांच्या पोटात असे प्रचंड बर्फाचे साठे असतात हे पुस्तकात वाचलेलं, किनारा तुटतो तिथे ते उघडे पडलेले दिसतात सुद्धा. मॉनिटर शांतपणे म्हणाला, टेकाड आहे म्हणजे काहीतरी वर उचलून धरतंय ना. म्हणलं हे आधी सांगायचंत! तर म्हणाला, तुम्ही मशीन एवढ्या लांबून आणलं होतं.

संध्याकाळी, म्हणजे उजेडातच, मी जिथे राहत होते त्या घरात नमुने वितळवायचे. ही पद्धत जुनी आणि फुकट आहे. लोणच्याची काचेची रिकामी बरणी घ्यायची, त्यात कोअरचा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. सकाळी बर्फ वितळलेला असतो, माती खाली बसते, वर जे पाणी उरतं ते जमिनीला न पेलवणारं, जास्तीचं पाणी. तेवढी जमीन खचणार, सरळ हिशोब. ओट्यावर मी बरण्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, भोक क्रमांक, खोली. घरमालकिणीची नात, सातवी-आठवीतली असेल, सकाळी सिरियल खाता खाता बरण्यांकडे बघत बसली. एका बरणीत तळाला दोन बोटं गाळ आणि वर अर्ध्याच्याही वर नितळ पाणी. तिने विचारलं, ही माती कुठली? मी सांगितलं, त्या टेकाडाची. मग विचारलं, आमच्या घराखालची अशीच आहे का? आजीने तिकडून उत्तर दिलं, म्हणून तर बाथरूमचं दार लागत नाही. दोघी हसल्या. नंतर गावसभेला मी स्लाइड्सच्या ऐवजी त्या बरण्याच घेऊन गेले, आणि त्या हातोहात फिरल्या.

त्या दारावरून आठवलं. नवीन जागेचं काम करताना जुन्या घरांचंही बघावं लागलं, कारण सगळी काही हलणार नाहीत. तिथली घरं जमिनीला टेकलेली नसतात, पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, किंवा ठोकळ्यांवर, जॅकवर उचललेली, खाली मोकळी जागा. ती मोकळी जागा कशाला, तर हिवाळ्याचा वारा घराखालून जाऊन जमीन गारठवतो आणि घराची ऊब जमिनीत उतरत नाही. सोपं आणि हुशार. पण फरशी थंडगार पडते, रांगणारं बाळ असलं तर काय करणार, मग लोक चारी बाजूंनी प्लायवुड मारून ती जागा बंद करतात. फरशी उबदार होते आणि जमीन वितळायला लागते. कुंपणापाशी बर्फाचे ढीग साठले तरी तेच, बर्फ पांघरुणाचं काम करतो, जमिनीला थंडी लागू देत नाही. बर्फ जमीन गरम ठेवतो हे आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी चेष्टा करतेय. आणि पाणी साठलेलं डबकं तर सगळ्यात वाईट. यावर कॅनडात चक्क स्टँडर्ड आहे, सीएसए एस५०१, पर्माफ्रॉस्ट खराब होत असताना आधीच्या इमारतींचा पाया कसा जपायचा यावर, चांगलं लिहिलंय. पण प्लायवुड काढा असं एखाद्या आजीला सांगायचं तर आधी तिच्या फरशीखाली जाड इन्शुलेशन घालून द्यायला पाहिजे, त्याचे पैसे या प्रोजेक्टमध्ये नव्हते. मी रिपोर्टात लिहिलं, दोन्ही एकत्रच करा, नुसतं काढायला सांगू नका. बहुतेक घरं सरकारी भाड्याची, त्यामुळे ते कुणी करायचं यावर वेगळीच चर्चा चालू झाली जी माझ्या कक्षेबाहेरची.

शेवटी कामाची निघाली ती तिसरी जागा, इनुविक-टुक हायवेच्या बाजूची, जिच्याबद्दल सभेत कुणी फारसं बोललंच नव्हतं. दिसायला काही नाही, जरा आत, समुद्र दिसत नाही. बर्फ होता पण बेताचा. एक गोम होती, खाली खोलवर माती खारट, जुनी समुद्राची. खारट माती शून्याला नीट गोठत नाही, उणे दोन-तीनलाही आतून मऊच राहते, म्हणजे थर्मामीटर गोठलंय म्हणतो आणि पाइल हळूहळू खाली सरकत राहतो. त्यामुळे पाइलऐवजी जाड खडीचा ओटा आणि त्यावर जॅकवालं घर असा सल्ला दिला, आणि हायवे बांधताना जी युक्ती केली तीच, म्हणजे वरचं गवत-शेवाळ अजिबात खरवडायचं नाही, हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर जाड कापड अंथरायचं आणि त्यावर खडी रचायची. कोकणात आम्ही पहिलं काम करायचो ते साफसफाई, वरची माती काढून टाकणं. इथे ते केलं की गेलं गाव. प्रश्न खडीचा, चांगली खडी थोड्याच ठिकाणी मिळते आणि ती इनुवियालुइट जमिनीवरची, रस्त्याला तीच लागते, किनाऱ्याच्या संरक्षणाला तीच, विमानतळाला तीच.

आणि जागा सापडली म्हणून माणसं जातील असं नाही. पॉइंटवर, म्हणजे समुद्राकडच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्या एकांनी मला चहा पाजून दोन वाक्यांत विषय संपवला. माझी होडी इथे, माझं मासे धुरावायचं खोपट इथे, खिडकीतून पाणी दिसतं तेव्हा मला कळतं आज जायचं की नाही, तुमच्या हायवेजवळ बसून मी काय ट्रक मोजू? यावर माझ्याकडे इंजिनिअरिंगचं उत्तर नव्हतं. गावाने नंतर प्लॅनमध्ये होड्यांसाठी उतार आणि खोपटांसाठी किनाऱ्याजवळची जागा वेगळी धरली, घर आत आणि धंदा पाण्यापाशी अशी वाटणी, मला ती पटते पण त्यांना पटलीये की नाही ते मी विचारायला गेले नाही.

प्रत्येक भोकात तापमान मोजायची केबल सोडलीये, ठरावीक खोलीवर सेन्सर, वर डबीत नोंदी साठवणारा डेटा लॉगर. ऑगस्टच्या शेवटी परत गेले तेव्हा स्टीलची सळई जमिनीत खुपसत फिरायचं, टणक लागलं की तेवढी खोली लिहायची, वितळलेला थर केवढा ते त्यातून कळतं. धुकं, चिखल, केशरी क्लाउडबेरी पायाखाली, अर्धा वेळ मी त्याच खात होते. बरोबर गावातली दोन तरुण मुलं, त्यांना शिकवायचं होतं, दुसऱ्या दिवशी ती माझ्यापेक्षा भराभर काम करत होती कारण त्यांना खाचखळगे पाहिल्यावरच कळत होतं कुठे पाय बुडणार. आता लॉगर उतरवायचं काम तीच करतात, मला फक्त फाइल येते. पहिल्या फाइलमध्ये शरद ऋतूत वरच्या सेन्सरची रेघ शून्यावर येऊन कित्येक आठवडे तशीच आडवी पडलेली दिसली, बाहेर हवा कितीतरी खाली गेली तरी. मातीतलं पाणी गोठताना उष्णता सोडतं म्हणून असं होतं, ते सगळं गोठल्याशिवाय पारा खाली सरकत नाही. मुलांपैकी एकाने मेसेज केला, सेन्सर बिघडलाय का? म्हणलं नाही, जमीन अजून ठरवतेय. त्याने अंगठा पाठवला.

पैशाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पहिल्या वर्षाचा थोडा भाग ३१ मार्चपर्यंत बसवता आला कारण मशीनची वाहतूक आधी झाली होती, उरलेल्यासाठी पुढे नेण्याचा अर्ज केला, तो झाला मंजूर, पण मंजुरी आली तेव्हा मशीन नदीपार परत गेलेलं होतं, मधल्या काळात हॅम्लेटने स्वतःच्या खात्यातून ड्रिलरचं बिल भरलं. नऊशे वस्तीच्या गावाने. पुढच्या टप्प्यात खडीच्या ओट्यावर एक चाचणीचं घर बसवायचंय, त्याचा फॉर्म यंदा एसएओने स्वतः लिहिलाय आणि मला फक्त तपासायला पाठवला. त्यात त्याने एकच काम दोन वेगळे प्रोजेक्ट म्हणून दाखवलंय, मार्चमध्ये 'साहित्य आणि मशीन जागेवर पोचवणे', एप्रिलमध्ये 'बांधकाम', दोन आर्थिक वर्षं, दोन नंबर, दोन रिपोर्ट. मी काहीही दुरुस्ती न करता परत पाठवला. उत्तर जूनमध्ये येईल म्हणतात.